वर्गणीची भिंत आणि धरणाची बातमी

कर्जत-खोपोली शाखेवर कर्जतनंतरचे पहिले स्थानक पळसदरी. मुंबई-पुण्याच्या गाड्या या गावाला ओलांडून घाटाकडे धावतात, येथे थांबतात त्या खोपोलीच्या मोजक्या लोकलगाड्या. गावात किंवा स्थानकाजवळच्या चहाच्या टपरीवर सकाळी येणारे एखादे वृत्तपत्र दुपारपर्यंत दहावीस हातांतून फिरते. त्याची घडी मोडते, मधले पान निराळे होते, कोणी त्यातील बातमी मोठ्याने वाचतो, कोणी ऐकता ऐकता तिच्यावर आपले मत देतो. खालापूर, कर्जत किंवा रायगड जिल्ह्याच्या आतल्या कोणत्याही भागात वृत्तपत्रांचा जो खरा वाचकवर्ग आहे तो अंक विकत घेणाऱ्यांच्या संख्येहून कितीतरी मोठा होता, तो या सवयीमुळे.

हा व्यवहार आता झपाट्याने आटत चालला आहे. वृत्तपत्र टपरीवरून हातातल्या दूरध्वनीवर गेले आणि तेथे त्याच्याभोवती, इंग्रजीत 'पेवॉल' या नावाने ओळखली जाणारी वर्गणीची भिंत उभी राहिली. अमेरिकेत 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने ती पूर्वीच, गेल्या शतकाच्या अखेरीस उभारली होती. लंडनच्या 'टाइम्स'ने 2010 मध्ये आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'ने मार्च 2011 मध्ये तोच मार्ग धरला. भारतात काही इंग्रजी दैनिकांनी त्याचे अनुकरण केले. मार्च 2020 मध्ये महासाथीच्या टाळेबंदीत मुंबईत अंक घरोघर पोचणेच बंद पडले, तेव्हा ई-अंकांच्या फुकट प्रती व्हॉट्सॲपवरून एवढ्या फिरू लागल्या की, वृत्तपत्रसंस्थांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. त्यानंतर मराठी दैनिकांपैकीही काहींनी ई-अंक, तर काहींनी निवडक लेख वर्गणीदारांपुरते राखून ठेवले. बातमीला मोल असते आणि ते वाचकाने द्यावे, ही मागणी मुळात न्याय्य आहे. प्रश्न आहे तो हे मोल कोणाकडून घेतले जाते, त्यातून कोणती बातमी जन्माला येते आणि भिंतीच्या बाहेर नेमका कोण राहतो, याचा. त्याची चर्चा हवेत करण्यापेक्षा पळसदरीपासून फार दूर नसलेल्या एका धरणाच्या आधारे करणे अधिक उपयोगी ठरेल.

राजमाचीच्या पायथ्याशी, लेण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या कोंढाणे गावाजवळ उल्हास नदीवर धरण बांधण्याचे काम कोकण पाटबंधारे विकास महामंडळाने 2011 मध्ये दिले. प्रारंभी 50 ते 60 कोटी रुपयांच्या घरात असलेली त्याची किंमत अल्पावधीतच 300 कोटींच्या पलीकडे गेली. धरणाची उंची 39 मीटरवरून 71 मीटरपर्यंत वाढविण्यात आल्याचे त्यासाठी सांगण्यात आले. वनजमिनीच्या व पर्यावरणाच्या परवानग्यांचा प्रश्न सुटलेला नसताना काम मात्र सुरू झाले होते. अंजली दमानिया यांनी माहितीच्या अधिकाराखाली कागदपत्रे मिळविली, मुंबईच्या वृत्तपत्रांनी ती छापली आणि 2012 मध्ये काम थांबले. ज्यास पुढे 'सिंचन घोटाळा' म्हटले गेले त्या प्रकरणाच्या पहिल्या ठिणग्यांपैकी ही एक होती. त्याच वर्षी मुख्य अभियंता विजय पांढरे यांचे पत्र बाहेर आले. राज्याच्या आर्थिक पाहणीतील आकड्यांवरून सुमारे 70 हजार कोटी रुपये खर्चूनही दशकभरात सिंचनक्षेत्राच्या प्रमाणात जवळपास वाढ झाली नसल्याचे दिसले. 25 सप्टेंबर 2012 रोजी तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी राजीनामा दिला आणि डिसेंबरात, श्वेतपत्रिका निघाल्यानंतर, ते पुन्हा मंत्रिमंडळात आले. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी पथकाचा अहवाल 2014 मध्ये सादर झाला. कोंढाण्याच्या प्रकरणात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने पुढे गुन्हा नोंदवला.

येथवरची हकीकत सर्वांना ठाऊक आहे, कारण तेव्हा ती सर्वांना मिळाली. चार-पाच रुपयांच्या अंकात ती होती, संकेतस्थळांवर ती फुकट होती, दूरचित्रवाणीवर रात्रंदिवस होती. वस्तुतः अशा प्रकरणाचा पहिला दिवस कोणत्याही भिंतीआड लपविता येत नाही. बातमीतील वस्तुस्थितीवर कोणाचाही मालकीहक्क चालत नाही. एकाने छापले की दुपारपर्यंत दहाजण तीच गोष्ट आपल्या शब्दांत सांगतात. भिंतीच्या आड राहते ते पहिल्या दिवसानंतरचे सारे: कागदांचा अर्थ, आकड्यांची छाननी, न्यायालयातील तारखांचा मागोवा, बदललेल्या निर्णयांचे परिणाम. आणि कर्जतकराला ज्याची खरी गरज आहे ते नेमके हेच असते.

एक उदाहरण पुरेसे आहे. नोव्हेंबर 2019 मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने नागपूर खंडपीठापुढे प्रतिज्ञापत्र सादर करून अजित पवार यांचा गैरव्यवहाराशी संबंध आढळत नसल्याचे सांगितले. 'सिंचन घोटाळ्यात निर्दोषत्वाचा दाखला' अशा आशयाचा मथळा त्या वेळी राज्यभर, प्रत्येकाच्या खिशात, विनामूल्य जाऊन पोचला. ते प्रतिज्ञापत्र विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या प्रकल्पांविषयी होते. कोंढाणे कोकणातले, त्याचे महामंडळ निराळे, गुन्हाही निराळा. तेव्हा त्या दाखल्याने कोंढाण्याच्या प्रकरणात काय झाले, या प्रश्नाचे उत्तर मथळ्यात असू शकत नव्हते. त्यासाठी दोन महामंडळांतील आणि दोन गुन्ह्यांतील फरक समजावून सांगणारा पाचशे शब्दांचा मजकूर लागतो, आणि आजच्या रचनेत असा मजकूर 'वर्गणीदारांसाठी' या शिक्क्याखाली जाण्याचा संभव सर्वांत अधिक. मथळा फुकट आणि स्पष्टीकरण विकत, अशी ही वाटणी आहे. राजकीय पुढाऱ्यांना तिच्याविषयी तक्रार असण्याचे कारण नाही.

तथापि यावरून भिंत पाडावी असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. फुकट मिळणाऱ्या बातमीचे पैसेही कोणीतरी देतच असतो. महाराष्ट्रातील दैनिकाच्या अंकाची छापील किंमत ही कागद, शाई व छपाईचा खर्चदेखील भरून काढीत नाही. त्यातूनही विक्रेत्याची दलाली जाते. उरलेला भार जाहिरातदार वाहतो. महानगरात जाहिरातदार अनेक आणि एकमेकांशी स्पर्धा करणारे असतात. मोटारीचा कारखानदार रागावला तर साबणाचा कारखानदार असतो. तालुक्याच्या गावी मात्र जाहिरातदार कोण? नेत्याच्या वाढदिवसाचे शुभेच्छुक, बंगल्यांचे भूखंड पाडणारे विकासक, पाटबंधारे व बांधकाम खात्यांचे ठेकेदार, पतसंस्था, शिक्षणसंस्था आणि शासनाच्या सूचना. या यादीतील बहुतेक नावे एकाच चार-दोन घरांशी जोडलेली असतात. म्हणजे ज्याच्याविषयी लिहावयाचे तोच मजकुराच्या शेजारची जागा विकत घेणारा. ज्या बातमीदाराने धरणाच्या भरावाचे मोजमाप विचारावयाचे, त्यानेच वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी त्या ठेकेदाराकडे जाऊन अर्धे पान मागावयाचे, अशी तालुका वार्ताहराची स्थिती अनेक वर्षे आहे. त्याला मिळणारे मानधन सांगण्यासारखे नसते. जाहिरातीवरील दलाली हेच कित्येकांचे खरे उत्पन्न.

2009 च्या विधानसभा निवडणुकीत हा व्यवहार उघड्यावर आला. परस्परांच्या स्पर्धक म्हणविणाऱ्या मराठी दैनिकांत राज्याच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांचा गौरव करणारा एकच मजकूर, शब्दशः तोच, छापला गेल्याचे पी. साईनाथ यांनी दाखवून दिले. निवडणूक आयोगापुढे आणि न्यायालयात त्या प्रकरणाचे पुढे काय झाले ही गोष्ट वेगळी. बातमीचा खर्च वाचक देत नसेल तर तो कोण देतो, याचा दाखला मात्र त्या पानांनी पुरेसा दिला. तेव्हा वर्गणीच्या भिंतीचे समर्थन करणाऱ्यांच्या बाजूला एक भक्कम युक्तिवाद आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे.

अडचण निराळीच आहे. पळसदरीच्या वाचकाने उद्या मुंबईच्या एखाद्या दैनिकाची वार्षिक वर्गणी भरली, तरी तिच्यातील एकही रुपया कर्जतच्या वार्ताहराच्या हाती पडेल याची शाश्वती नाही. वर्गणीदार जेथे दाट, तेथील अभिरुचीकडे संपादकांचे लक्ष वळणार हा बाजाराचा साधा नियम आहे. वर्गणीदार आहे पुण्या-मुंबईचा, नोकरदार, थोडाफार परदेशातला मराठी माणूस. त्याला हवे असते गुंतवणुकीचे मार्गदर्शन, जागतिक राजकारण, मुलांच्या शिक्षणाविषयीचा सल्ला. कोंढाण्याच्या धरणाचा भराव त्याच्या जिज्ञासेत बसत नाही. ज्यांच्या जिज्ञासेत तो बसतो ते ठाकूर-कातकरी वाड्यांतील लोक, भातशेती करणारे कुणबी-आगरी, खोपोलीच्या कारखान्यांत पाळीवर जाणारे कामगार. ते वर्गणीदार नाहीत, आणि जाहिरातदाराच्या दृष्टीने ग्राहकही नाहीत. पूर्वीच्या व्यवस्थेत त्यांचे पैसे दुसरा देत असे व त्याची किंमत वसूल करीत असे. नव्या व्यवस्थेत त्यांची गणतीच होत नाही.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर गैरव्यवहाराची बातमी ही सार्वजनिक वस्तू आहे. एकाने वाचली म्हणून ती दुसऱ्यासाठी कमी होत नाही. आणखी एक लक्षण याहून महत्त्वाचे: तिचा लाभ न वाचणाऱ्यालाही होतो. अंदाजपत्रकात फेरफार करताना अभियंत्याचा हात एक क्षण थबकला, तर त्यातून वाचलेला पैसा वर्गणीदाराचा वेगळा आणि बिगरवर्गणीदाराचा वेगळा असा नसतो. अशा वस्तूसाठी बाजारात पुरेसे पैसे गोळा होत नाहीत, कारण प्रत्येकाला ती दुसऱ्याने घ्यावी असे वाटते. एक ढोबळ हिशेब करून पाहावा. कोंढाण्याच्या कागदी किमतीतील वाढ 240 कोटींहून अधिक होती. जागरूक पत्रकारितेच्या धाकाने त्यातील केवळ एक टक्का टळला असे धरले तरी 2 कोटी 40 लाख होतात. महिना 50 हजार रुपये वेतनाचा एक अनुभवी बातमीदार कर्जत-खालापूरसाठी नेमला, तर त्या रकमेत त्याचे 40 वर्षांचे वेतन निघते. समाजाच्या दृष्टीने इतका किफायतशीर असलेला हा खर्च कोणत्याही वृत्तपत्राच्या ताळेबंदात मात्र तोट्याचाच दिसेल, कारण वाचलेल्या पैशातून वृत्तपत्राच्या तिजोरीत काही येत नाही.

हा हिशेब काल्पनिक असला तरी त्यामागील तत्त्व परदेशात तपासले गेले आहे. अमेरिकेत ज्या परगण्यांतील वृत्तपत्रे बंद पडली तेथील स्थानिक संस्थांना कर्जरोख्यांवर अधिक व्याज द्यावे लागले, असे 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गाओ, ली आणि मर्फी यांनी दाखविले. ही वाढ टक्क्याच्या विसाव्या ते नवव्या हिश्शाइतकी, म्हणजे दिसायला क्षुल्लक. पण कर्जे मोठी व मुदती लांब असल्यामुळे करदात्यांवर पडणारा बोजा क्षुल्लक नव्हता. लक्ष ठेवणारे कोणी नाही हे सावकाराला कळले होते. कॅलिफोर्नियातील बेल या सुमारे 36 हजार वस्तीच्या गरीब शहराच्या व्यवस्थापकाचे वार्षिक वेतन 8 लाख डॉलरच्या आसपास गेल्याचे 2010 मध्ये 'लॉस अँजेलिस टाइम्स'ने बाहेर काढले. त्या बैठका वर्षानुवर्षे चालल्या होत्या आणि नेमाने येऊन बसणारा बातमीदार त्या गावाला नव्हता. आपल्याकडील ग्रामपंचायती, नगरपरिषदा आणि पंचायत समित्यांच्या सभांना कोण बसते, याचा विचार ज्याने त्याने करावा.

जो बसतो व लिहितो, त्याला काय भोगावे लागते हेही कोकणाने पाहिले आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये राजापूर येथे शशिकांत वारिशे या वार्ताहराला मोटारीखाली चिरडण्यात आले. तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या एका समर्थकाविषयी त्यांनी लिहिलेली बातमी त्याच दिवशी प्रसिद्ध झाली होती. त्या समर्थकावर खुनाचा गुन्हा दाखल झाला. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा राज्याचा कायदा 2017 मध्येच संमत झाला होता. ज्या बातमीसाठी एवढा धोका पत्करला जातो, तिचे मोल वाचकाकडून घेण्याची रीतसर सोयही नसावी, ही विषमता कायद्याने दूर होणारी नाही.

वृत्तपत्राच्या किमतीचा आणि स्वातंत्र्याचा संबंध महाराष्ट्राला नवा नाही. पानांच्या संख्येनुसार अंकाची किमान किंमत ठरविणारा कायदा केंद्राने 1956 मध्ये केला व 1960 मध्ये त्याखाली आदेश काढला. लहान पत्रांचे रक्षण हा त्याचा सांगितलेला हेतू. पुण्याचा 'सकाळ' तेव्हा 7 नव्या पैशांत, रविवार वगळता आठवड्याला 34 पाने देत असे. आदेशाप्रमाणे त्याच किमतीत 24 पानेच देता आली असती. 'सकाळ' सर्वोच्च न्यायालयात गेला आणि सप्टेंबर 1961 मध्ये न्यायमूर्ती मुधोळकर यांनी लिहिलेल्या निकालाने कायद्यातील ती तरतूद व आदेश दोन्ही रद्दबातल झाले. किंमत वाढवायला लावणे म्हणजे खप कमी करणे, आणि खपावर मर्यादा म्हणजे भाषणस्वातंत्र्यावर मर्यादा, हे त्या निकालाचे सूत्र होते. आज किंमत सरकार लादीत नाही, वृत्तपत्र स्वतःच ठरविते. त्यामुळे घटनेचा प्रश्न उद्भवत नाही. पण वाचकाच्या बाजूने पाहिले तर परिणाम तोच आहे, आणि तो अधिक तीव्र आहे. छापील अंक विकत घेणारा तो दुसऱ्याला देऊ शकत असे. वर्गणीचा परवाना मात्र व्यक्तीच्या नावावर, तिच्या यंत्रापुरता. टपरीवरचे सामुदायिक वाचन त्याने कायमचे संपविले. त्याची जागा आता व्हॉट्सॲपवरील कात्रणाने घेतली आहे, ज्याच्यावर पुष्कळदा तारीख नसते, पत्राचे नाव नसते आणि अर्धे वाक्य कापलेले असते.

यावर व्यवहार्य उपाय नाहीत असे नाही. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने 2011 व 2012 मधील चक्रीवादळांच्या वेळी आपली भिंत तात्पुरती उघडली होती. महासाथीविषयीचा मजकूरही अनेक पत्रांनी मोकळा ठेवला. जुलै 2023 मध्ये खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा साऱ्या महाराष्ट्राचे बातमीदार येथे धावले होते. आपत्तीत वाचकाला अडवू नये हा संकेत मान्य असेल, तर सार्वजनिक पैशाच्या अपहाराची बातमी आणि तिचा पाठपुरावा संबंधित तालुक्यातील वाचकांसाठी मोकळा ठेवण्यास तांत्रिक अडचण कोणतीच नाही. निदान आठ-पंधरा दिवसांनी तरी तो मजकूर खुला व्हावा. ज्यांना ताजी बातमी हवी ते पैसे देतीलच; धरणग्रस्ताला पंधरवड्याने मिळालेली माहितीही उपयोगी पडते. तालुक्यापुरती अल्प वर्गणी, तीही त्या तालुक्याच्या वार्ताहराच्या वेतनासाठी राखलेली, हा प्रयोगही अशक्य नाही. रायगड जिल्ह्याला तर याची परंपरा आहे. चरीच्या शेतकऱ्यांचा प्रदीर्घ संप चालू असतानाच, 1937 मध्ये, नारायण नागू पाटील यांनी 'कृषीवल' काढले. ते पत्र चळवळीचे होते, पुढे त्याचे शेतकरी कामगार पक्षाशी असलेले नाते कधी लपून राहिले नाही. पण कोण बोलतो आहे आणि कोणाच्या बळावर, हे वाचकाला ठाऊक होते.

दुसरी वाट ग्रंथालयांची. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली अनुदान घेणारी हजारो ग्रंथालये राज्यात आहेत. बहुतेकांच्या वाचनकक्षात वृत्तपत्रांचे टेबल असते व सकाळी तेथेच गर्दी असते. छापील अंकांसाठी अनुदान चालते, तर ई-अंकांच्या सामुदायिक परवान्यासाठी का चालू नये? राज्याने प्रत्येक दैनिकाशी एकदाच, खुल्या दराने करार करावा आणि ग्रंथालयातील एका पडद्यावर सर्व वर्गणीचा मजकूर उपलब्ध व्हावा. शासनाचा पैसा वृत्तपत्रांकडे जातो तो आजही जातोच, पण जाहिरातींच्या वाटपातून, जेथे मर्जीला वाव असतो. वाचकसंख्येनुसार ठरलेल्या परवानाशुल्कात तो वाव पुष्कळ कमी. अर्थात ज्या ग्रंथालयांना कर्मचाऱ्यांचे वेतन वेळेवर देणे जड जाते त्यांच्याकडून ही अपेक्षा करण्यापूर्वी अनुदानाचा प्रश्न मार्गी लावावा लागेल.

या साऱ्याची निकड एवढ्यासाठी की, कोंढाण्याचा विषय संपलेला नाही. ज्या धरणाचा गाजावाजा सिंचनासाठी म्हणून झाला, ते पुढे नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या 'नैना' या नव्या नागरी क्षेत्राला पाणी देण्यासाठी सिडकोकडे सोपविण्याचा निर्णय झाला. पाटबंधारे महामंडळ गेले आणि नगर वसविणारी संस्था आली. शेतीच्या पाण्याचे नळाचे पाणी झाले. उल्हासच्या काठावरील कर्जत तालुक्याच्या वाट्याला त्यातील किती येणार, बुडणाऱ्या वाड्यांतील कुटुंबांना जमीन कोठे मिळणार, नव्या अंदाजपत्रकातील उंची किती आणि ती कोणी तपासली, हे प्रश्न 2012 मध्ये होते तितकेच आजही विचारण्याजोगे आहेत. त्यांची उत्तरे नकाशांत, निविदांच्या जोडपत्रांत आणि बैठकांच्या इतिवृत्तांत आहेत. ती काढून आणण्यास महिना-दोन महिने लागतात, आणि कर्जतच्या वार्ताहराला या आठवड्यात वर्धापनदिनाच्या पुरवणीच्या जाहिराती गोळा करावयाच्या आहेत.